चार झटक्यांची नोंद

फॉर्मचा सातवा रकाना एवढंच विचारत होता, की आजवर किती पॅनिक अटॅक आले? ऋतुजा जगदाळेने तिथे 'एक' लिहिलं, कारण एकच आला होता. फॉर्म लाल झाला. एका झटक्यावर पट्टा मिळत नव्हता, तीनवरही नव्हता. मग तिने 'एक' खोडून 'चार' केलं आणि फॉर्म निमूट हिरवा झाला. आठवा रकाना, 'पुन्हा झटका येईल ही धास्ती महिन्याहून जास्त काळ आहे का?' होय. नववा, 'त्यामुळे जाण्यायेण्यात, राहणीत बदल झाला आहे का?' होय. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नाही. वडिलांसाठी माणूस याहून मोठं खोटं बोलतो, असं तिने स्वतःला समजावलं आणि फॉर्म पाठवून दिला.

गंमत म्हणजे फॉर्म तिच्याच कंपनीचा होता. पुण्यातल्या त्या कंपनीने २०४१ साली 'चाहूल' नावाचा मनगटी पट्टा बाजारात आणला आणि ज्या सहा जणांनी तो घडवला त्यांत ऋतुजा एक होती. 'चारपेक्षा कमी झटके असतील त्याला पट्टा द्यायचा नाही,' ही अट डॉक्टरांनी घातली तेव्हा त्या बैठकीत हात वर करून मान्यता देणाऱ्यांतही ती होती. अट का आहे हे तिने तेव्हा नीट ऐकलं नव्हतं. आप्पांची वेळ आली तेव्हा तर तिला ते आठवायचंच नव्हतं.

आप्पा म्हणजे सर्जेराव जगदाळे. साताऱ्याच्या एका शाळेत पी. टी.चे शिक्षक होते, वय सदुसष्ट. चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात त्यांनी गावाबाहेरच्या माने मळ्यातल्या विहिरीत पोरांना पोहायला शिकवलं होतं. निम्म्या गावाची पाण्याची भीती त्यांनी घालवली, असं लोक म्हणत आणि ते खोटं नव्हतं. एप्रिलमधल्या एका सकाळी ते दाढीला सलूनमध्ये बसले होते. गळ्याला कापड, गालाला फेस, न्हावी वस्तरा पुसतोय, आणि एकाएकी छातीत धडधड सुरू झाली. श्वास पुरेना, बोटं बधिर झाली, अंगाला दरदरून घाम फुटला. आप्पा कापडासकट उठले आणि "मी चाललो गड्या," एवढं म्हणून दारातच बसले.

त्या वेळी ऋतुजाचा फोन गप्प करून ठेवलेला होता. 'चाहूल'चीच बैठक चालली होती. बैठक संपल्यावर तिने फोन पाहिला तर सलूनवाल्याचे सात कॉल येऊन गेलेले. ते सात कॉल तिच्या मनातून पुढे कधीच गेले नाहीत.

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टर नसरीन तांबोळी आप्पांच्याच जुन्या विद्यार्थिनी, त्याच विहिरीत पोहायला शिकलेल्या. त्या खुर्ची ओढून आप्पांजवळ बसल्या.

"सर, एकदा आपल्या शाळेत कुणीतरी वेळेआधीच सुट्टीची घंटा दिली होती, आठवतंय? सगळी शाळा मैदानात. घंटा खरी होती, पोरं धावली तीही खरी. फक्त वेळ झालेली नव्हती. तुमच्या शरीरात तेच झालं. धोका दिसला की पळायला म्हणून शरीर अॅड्रेनलिन सोडतं. त्याने छाती धडधडते, श्वास जोरात चालतो. तुमच्याकडे ते सगळं झालं, धोका तेवढा नव्हता. याला पॅनिक अटॅक म्हणतात. दहा मिनिटांत तो शिखराला जातो आणि मग आपोआप उतरतो. माणूस त्याने मरत नाही."

"म्हंजे मला आता ही पॅनिकची बिमारी हाय म्हणायची," आप्पा म्हणाले.

"नाही! तेच सांगतेय. घंटा एकदा चुकून वाजली म्हणून शाळा बंद पडत नाही. आठ-दहा माणसांत एकाला आयुष्यात कधीतरी असा अटॅक येऊन जातो. आजार कधी म्हणायचा? तो कारण नसताना परत परत यायला लागला, आणि मधल्या काळात महिनाच्या महिना माणूस 'आता परत येईल का' या धास्तीतच राहायला लागला, घराबाहेर पडेना, तर. त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. अटॅक दहा मिनिटांचा असतो, सर. आजार मधल्या दिवसांचा असतो." मग त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं. "यांना घरी ने आणि उद्याच विहिरीवर जाऊ दे. आणि हे विसरून जा."

विसरून जा, हे ऋतुजाला पटलं नाही. सात कॉल न घेतलेल्या मुलीला ते कसं पटावं? तिला काहीतरी करायचं होतं, आणि तिच्या हाताशी तर जगातली सगळ्यात हुशार वस्तू होती.

'चाहूल'मागचं शास्त्र साधं होतं. झटका अचानक आला असं माणसाला वाटतं, पण शरीरात त्याची तयारी अर्धा-पाऊण तास आधीपासून चाललेली असते. श्वासाची लय बिघडते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वरखाली होतो, नाडीचे ठोके दाटीवाटीने पडू लागतात. माणसाला यातलं काही कळत नाही. पट्ट्याला कळतं, कारण तो हे सगळं कातडीवरून सेकंदासेकंदाला मोजत असतो. आकडे एका ठरावीक वळणावर गेले की पट्टा मनगटावर तीन टिचक्या मारतो आणि हलक्या आवाजात सांगतो, 'पंधरा मिनिटांत झटक्याची शक्यता. सुरक्षित जागी बसा.' ज्यांना खरोखर पॅनिक डिसऑर्डर होता अशा हजारो लोकांना याने मोठा दिलासा मिळाला. केव्हाही काहीही होईल या भीतीत जगणाऱ्याला, निदान वर्दी तरी मिळेल, हेही खूप असतं.

पट्टा आला तेव्हा मे महिना लागला होता. ऋतुजा मुद्दाम साताऱ्याला गेली आणि विहिरीच्या काठावरच तिने तो आप्पांच्या मनगटावर बांधला.

"मला कशाला गं हे? एकदा झालं आन् गेलं," आप्पा म्हणाले.

"असू दे हो आप्पा. माझ्या जिवाला बरं वाटेल."

"मग तुझ्या हातात बांध की."

पण त्यांनी हात मागे घेतला नाही. मुलीने बनवलेली वस्तू होती, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. वर्गात यंदा बावीस पोरं होती आणि एक हेमलताबाई पाटणे. एकसष्ट वर्षांच्या या निवृत्त मुख्याध्यापिका पाठीला पत्र्याचा डबा बांधून पायरीवर ताठ उभ्या होत्या. आप्पा अजून जुन्या पद्धतीने शिकवत. झाकणाला कथलाचा डाग देऊन हवाबंद केलेला तेलाचा डबा शिकणाऱ्याच्या पाठीला दोराने बांधायचा, की तो बुडत नाही.

"आयुष्यभर पोरांना पाण्याकडे जाऊ नका म्हणून दटावलं, जगदाळे सर," बाई म्हणाल्या. "आता मलाच जायचंय. कुणाला सांगू नका."

"बावीस जण बघतायत, बाई," आप्पा म्हणाले आणि त्यांनी सूर मारला.

शिकणाऱ्याचे पाय नीट चालतात की नाही हे आप्पा पाण्याखालून बघत. दीड-दीड मिनिट श्वास धरून खाली राहत. त्या दिवशी ते वर आले ते मनगटावर टिचक्या घेऊनच. 'पंधरा मिनिटांत झटक्याची शक्यता. सुरक्षित जागी बसा.' बावीस पोरं गप्प झाली. आप्पा बाहेर येऊन काठावर बसले. पंधरा मिनिटं बसले, वीस मिनिटं बसले, काहीच झालं नाही.

"आला का?" ऋतुजाने विचारलं.

"न्हाई."

"बघा! वेळेवर कळलं म्हणून टळला."

हे वाक्य ती त्या उन्हाळ्यात पुढे किती वेळा बोलली याला गणती नाही. श्वास धरला की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि नाडी बदलते, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. पट्ट्याच्या चाचण्या कारकुनांवर झाल्या होत्या, ड्रायव्हरांवर, गृहिणींवर. रोज श्वास धरून पाण्याखाली राहणारं त्यांत कुणी नव्हतं. पट्टा आप्पांच्या चाळीस वर्षांच्या सवयीलाच झटक्याची चाहूल समजत होता. ऋतुजाला हे त्याच दिवशी सुचायला हवं होतं. ते सुचलं ऑगस्टमध्ये.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं. पट्ट्याची वर्दी ऋतुजाच्या फोनवरही येई. ती पुण्याहून लगेच फोन करी, "आप्पा, बसलात ना? पाण्यात नाही ना? डॉक्टरांना बोलावू का?" आधी आप्पा चिडत, मग हसण्यावारी नेत, मग तिच्या फोनआधीच बसून राहू लागले. विसाव्या दिवशी त्यांनी वर्ग बंद केला. पोरांच्या आयांना सांगितलं, जरा बरं वाटत नाही. हेमलताबाईंनी मात्र डबा परत दिला नाही. "वर्ग सुरू झाला की आणेन," म्हणाल्या आणि डबा घरी घेऊन गेल्या.

जूनमध्ये दुसरा झटका आला, आणि हा खरा होता. एस. टी. स्टँडवर, चालून नुसती धाप लागली तरी, पट्ट्याने टिचक्या मारल्या, आप्पा घाबरून बाकावर बसले, आणि त्या घाबरण्यातूनच धडधड वाढत गेली. वर्दीची भीती वाटली की झटका येतो आणि झटका आला की पुढच्या वर्दीची भीती दुप्पट होते, असं ते चक्र लागलं. ऑगस्टमध्ये तिसरा झटका आला. आप्पांनी स्टँड सोडला, मग बाजार, मग देवळाच्या पायऱ्या. सलूनमध्ये तर ते एप्रिलनंतर पुन्हा गेलेच नाहीत. दाढी गळ्यापर्यंत आली. दिवसातून दहादा मनगट वर करून पट्ट्याकडे बघायचं आणि तो गप्प दिसला की निःश्वास सोडायचा, एवढाच काय तो उद्योग उरला.

त्याच महिन्यात कंपनीत एक सादरीकरण झालं. नाव झाकून एका माणसाचा आलेख पडद्यावर लावला होता. वर्दी मिळाल्यावर दर वेळी, न चुकता, सुरक्षित जागी बसणारा आदर्श वापरकर्ता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऋतुजाने आलेख ओळखला, आणि मेमधल्या वर्द्या नेमक्या आप्पांच्या बुडीच्या वेळच्या आहेत हे तिला तेव्हा सुचलं. तिनेही टाळ्या वाजवल्या, आणि जेवणाच्या सुट्टीत स्वच्छतागृहात जाऊन रडली.

तरी तिला अजून म्हणता येत होतं, की झटके तसेही आलेच असते. दसऱ्याला तेही म्हणता येईनासं झालं.

दसऱ्याला आप्पा घरोघर सोनं वाटायला जात. त्या दिवशी ते आपट्याची पानं हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत आले, पट्ट्याने टिचक्या मारल्या, आणि ते उंबऱ्यातच बसले. ऋतुजा समोर उभी होती. फोनवर आकडे बघणं वेगळं आणि हे वेगळं. आप्पांचे ओठ पांढरे पडले, पानं हातातून गळाली, आणि ज्यांनी तिला वयाच्या नवव्या वर्षी वीस हात खोल पाण्यात ढकललं होतं ते आप्पा तिचं मनगट घट्ट धरून विचारत होते, "ऋतू, परत येईल का गं हे? आजच परत येईल का?"

ती त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसली. हा चौथा, तिच्या मनात आलं. मग सातवा रकाना आठवला. मग आठवा, मग नववा. एप्रिलमध्ये तिने लिहिलेलं एक न् एक उत्तर आता खरं होतं. तिने भरलेला खोटा फॉर्म आप्पांनी सहा महिन्यांत खरा करून दिला होता.

पुण्याला परत गेल्यावर तिने कंपनीची सगळी माहिती चाळली. पट्टा वापरणारे चाळीस हजार लोक होते. त्यांत सातव्या रकान्यात पाच, सहा, सात झटके लिहिणारे विखुरलेले होते. नेमके चार लिहिणारे मात्र तब्बल नऊ हजार निघाले. आजार काही चाराच्या आकड्यावर लोभ धरून बसत नाही. तीनवर फॉर्म लाल होतो हे तिच्यासारख्याच नऊ हजार मुलांनी, मुलींनी, बायकांनी, नवऱ्यांनी शोधून काढलं होतं. आणि त्या नऊ हजारांतले निम्मे पट्टा बांधल्यापासून बिघडत चालले होते. अट कशासाठी होती हे तिला आता नीट ऐकू आलं. तिने ती फाइल बंद केली. हे उघड करायचं तर आधी स्वतःचा फॉर्म उघड करावा लागला असता.

डॉक्टर नसरीननी आप्पांना तपासलं आणि ऋतुजाला एकटीला आत बोलावलं.

"आता मात्र हा पॅनिक डिसऑर्डर आहे," त्या म्हणाल्या. "पट्ट्याच्या नोंदीत एप्रिलमध्ये चार झटके दाखवलेत. माझ्या कागदावर एक आहे. कुणी लिहिले चार?"

ऋतुजाने टेबलावरच्या पेनकडे पाहिलं. "मी."

डॉक्टरांनी कागद मिटून ठेवला. "बरा होतो हा आजार," त्या म्हणाल्या. "मी त्यांना सांगितलंय, रोज पायरी-पायरीने पाण्यात जायचं. धडधड झाली तरी पळायचं नाही, ती उतरेपर्यंत तिथंच थांबायचं. कमरेइतकं पाणी, हातात दोर, सोबत माणूस. दहा मिनिटं काढली की शरीराला कळतं, की घंटा चुकून वाजली होती. पण पट्टा सोडायला हवा, आणि तो का सोडायचा ते त्यांना कळायला हवं. ते तू सांग. मी सांगणार नाही."

ऋतुजाने सांगितलं नाही. तिने त्याहून सोपं काम केलं. ऑफिसात बसून तिने आप्पांच्या पट्ट्याच्या वर्द्या बंद करून टाकल्या. पट्टा मोजत राहिला, आकडे तिच्याकडे येत राहिले, पण टिचक्या थांबल्या.

स्वतःच्या समाधानासाठी तिने आप्पांचाच दाखला घेतला. पोहणाऱ्याचे हातपाय नीट चालू लागले की आप्पा एका सकाळी त्याच्या नकळत डब्याला खिळ्याने भोक पाडत. पोर पाण्यात पडे, डबा भरून जड होई, आणि तरी पोर पोहत राही, कारण पाठीला डबा आहे हा भरवसा असे. नऊ वर्षांच्या ऋतुजालाही त्यांनी असंच पोहायला लावलं होतं. मग आपण तरी वेगळं काय करतोय, असं तिने मनाला विचारलं. उत्तराची वाट मात्र तिने पाहिली नाही.

आणि गुण तर आला. "आठवडा झाला, पट्टा गप हाय," आप्पा फोनवर म्हणाले. "म्हंजे मी बरा हाय." दुसऱ्या आठवड्यात ते विहिरीपर्यंत चालत गेले. तिसऱ्या आठवड्यात हेमलताबाई डबा घेऊन हजर झाल्या आणि आप्पा त्यांच्यासोबत कमरेइतक्या पाण्यात उतरू लागले. ऋतुजाने ते ऐकून पेढे आणले. ते तिच्या घशाखाली उतरले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

डिसेंबरमधल्या एका रविवारी ती स्वतः विहिरीवर गेली. सकाळचे नऊ वाजले होते. थंडीच्या दिवसांत विहिरीचं पाणी कोमट लागतं. त्यावरून वाफ निघत होती. आप्पा पाचव्या पायरीवर, दोराला धरून, कमरेइतक्या पाण्यात उभे होते. हेमलताबाई पाठीला डबा बांधून तिसऱ्या पायरीवर. ऋतुजा काठावर बसली होती.

"बाई, पाय कात्रीगत न्हाई मारायचे, बेडकागत..." आप्पा बोलता बोलता थांबले. त्यांचा दोरावरचा हात आवळला. ऋतुजाने फोन पाहिला. आकडे चढत होते.

आप्पांनी मनगट डोळ्यांसमोर धरलं. पट्टा गप्प होता. त्यांनी तो झटकला, पुन्हा पाहिला. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते ऋतुजाने दसऱ्यालाही पाहिलं नव्हतं.

"ऋतू... हा गप हाय."

"आप्पा, थांबा, मी..."

"अगं हा गप हाय! म्हंजे हे ते न्हाई. हा झटका असता तर हा बोलला असता." त्यांना श्वास पुरेना. "हे हृदयाचं हाय. हे खरं हाय. मी चाललो, पोरी."

तिने जी वर्दी बंद केली होती तिचा अर्थ आप्पांनी असा लावला होता. पट्टा बोलला तर झटका. गप्प राहिला तर मरण. ऋतुजा चपलांसकट पायऱ्या उतरून पाण्यात गेली.

"आप्पा, हा झटकाच आहे. पट्टा बोलत नाहीये, कारण मी तो बंद केलाय."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे दात वाजत होते.

"महिना झाला. मीच बंद केला. हे बघा, आकडे माझ्याकडे येतायत. हृदयाची रेघ व्यवस्थित आहे, डॉक्टरांनी दाखवली होती तशीच. दसऱ्याला असंच झालं होतं. अगदी असंच." तिने फोन खाली केला. "मी तुम्हाला सांगितलं नाही."

आप्पांनी एक हात दोरावरून काढला. मग त्यांनी दाताने पट्ट्याचं बक्कल ओढलं आणि पट्टा वरच्या पायरीवर भिरकावला.

"वर जा," ते म्हणाले.

"मी इथंच..."

"वर जा. घड्याळ बघ. बोलायचं न्हाई. हात लावायचा न्हाई."

ती दोन पायऱ्या वर जाऊन उभी राहिली. आप्पा पाण्यातच राहिले, दोन्ही हातांनी दोर धरून. तिसऱ्या मिनिटाला त्यांचे खांदे थरथरू लागले. पाचव्या मिनिटाला त्यांनी डोळे मिटले आणि तोंडातून एक बारीक आवाज काढला. तेव्हा ऋतुजाचा हात आपोआप पुढे गेला, आणि हेमलताबाईंनी तो मुख्याध्यापिकेच्या पकडीने धरून ठेवला. आठ महिने तिने आप्पांना एक मिनिटही एकटं सहन करू दिलं नव्हतं. आता काहीही न करता उभं राहायचं होतं, आणि ते तिला कशाहूनही जड गेलं. सात मिनिटं झाली. आठ झाली. नवव्या मिनिटाला दोरावरची बोटं सैल झाली. अकराव्याला आप्पांनी डोळे उघडले, ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारलं आणि दाढी पिळली.

"उतरला," ते म्हणाले. "आपला आपण उतरला."

हेमलताबाईंनी डोळे पुसले. ऋतुजाला हसावं की रडावं कळेना.

"आता सांग," आप्पा म्हणाले. "आजून काय सांगितलं न्हाईस?"

तिने फॉर्मचं सांगितलं. सातवा रकाना, आठवा, नववा. सात कॉलचंही सांगितलं, पण ते निमित्त म्हणून सांगतोय असं वाटून मध्येच थांबली. आप्पा पाण्याकडे बघत ऐकत होते.

"मला इचारलं का न्हाईस?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"व्हय. म्हणालो असतो." त्यांनी मान हलवली. "चांगल्या माणसाला न इचारता आजारी लिवलंस, ऋतू. आन् मीबी मग तसाच वागलो. मला वाटायचं, माझंच काळीज फुटकं निघालं. म्हातारपणी भित्रा झालो म्हणून लाज वाटायची. सलूनवाल्याच्या दारावरनं जात न्हवतो."

ऋतुजाने पायरीवरचा पट्टा उचलला. "मी फॉर्म दुरुस्त करते, आप्पा. चारचं एक करते."

"आता कशाला? आता खरंच हाय की ते. आज धरून पाच झाले." त्यांनी पाच बोटं वर केली, आणि मग अंगठा मिटून घेतला. "पयला माझा. बाकीचे तुझे. तसं लिव."

ते रागाने बोलले नव्हते. रागाने बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं. आप्पा वळले आणि हेमलताबाईंना म्हणाले, "चला बाई, पाणी निवतंय. त्या काठापर्यंत."

बाई पाण्यात उतरल्या. डब्यातून बुडबुडे निघत होते, पण त्यांचं लक्ष पायांकडे होतं. बेडकासारखे पाय मारत, मोठ्याने आकडे मोजत, त्या पलीकडच्या काठापर्यंत गेल्या आणि कडेच्या दगडाला धरून धापा टाकत विजयी मुद्रेने वळल्या.

"बाई," आप्पांनी इकडून हाक दिली, "तुमचा डबा फुटका हाय."

"काय?"

"तळाला भोक हाय. सकाळी मीच पाडलं. पाण्यानं भरलाय तो, काढून बघा."

हेमलताबाईंनी पाठीमागे हात नेला, डबा चाचपला आणि विहीर दणाणेल अशी किंकाळी फोडली. मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपण बुडालेल्या नाही. त्यांनी सगळ्या नोकरीत कुणा विद्यार्थ्याला दिली नसेल अशी एक शिवी आप्पांना दिली, डबा सोडून दिला आणि रिकाम्या पाठीने परत यायला निघाल्या.

आप्पा त्यांना बघत होते, पण बोलले ते ऋतुजाशी. "भोक पाडावंच लागतं. त्याशिवाय कुणी शिकत न्हाई. पण ज्या दिवशी पाडलं त्याच दिवशी सांगायचं असतं. तुलाबी मी त्याच दिवशी सांगितलं होतं. इसरलीस."

ती विसरली नव्हती. नऊ वर्षांची ती ओली, चिडलेली पोर, आणि डबा उपडा करून त्यातलं पाणी तिला दाखवणारे आप्पा, तिला सगळं आठवत होतं. पट्टा बंद करताना तिने त्यातलं भोक तेवढं उचललं होतं आणि सांगणं सोईस्करपणे सोडून दिलं होतं.

ती ओल्या कपड्यांनी पायरीवर बसली आणि फोनवर कंपनीच्या प्रमुखांना लिहायला घेतलं. सातव्या रकान्यात नेमके चार झटके लिहिलेल्या नऊ हजार लोकांना ताबडतोब डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, त्यांतले कित्येक पट्टा बांधला तेव्हा आजारी नव्हते, असं लिहिलं. हे तुम्हाला कसं ठाऊक, असं विचारतील हे तिला कळत होतं, म्हणून पुढे लिहिलं, 'त्यांतली एक नोंद सर्जेराव जगदाळे यांची. ती मी, त्यांच्या मुलीने, त्यांना न विचारता भरली. त्यांना पाच झटके आले. पहिला त्यांचा होता. बाकीचे मी दिले.' नोकरी जाईल हे उघड होतं. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही.

"लिवलंस?" खालून आप्पांनी विचारलं.

"हो."

"मग धाड. आजच."

तिने ते पाठवून दिलं.